मागचं चाक

१

गुणाजी तांडेलांच्या स्कूटरचं मागचं टायर जुनं निघालं, तेव्हा रुचिराला आधी वाटलं, आपलेच डोळे आपल्याला फसवताहेत.

ती संदेशच्या गॅरेजात, अपघात झालेल्या स्कूटरच्या मागे उकिडवी बसली होती. टायरच्या कडेला छोट्या लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन साल. लोक टायर घेताना नाव बघतात, नक्षी बघतात, भावावरून हुज्जत घालतात, पण हे आकडे बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. रुचिराच्या यायचं. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायचं तिचं काम, आणि मालकाने मारलेली थाप गाडीच्या अंगावर शोधण्यात तिचा हात धरणारं रत्नागिरीत दुसरं कुणी नव्हतं. तिने ओढणीच्या टोकाने चिखल पुसला आणि पुन्हा वाचलं. साल सतराच होतं.

गेल्याच पंधरवड्यात शिवाच्या दुकानात तिने स्वतः बोट टेकवून निवडलेलं टायर पंचवीस सालचं होतं.

"मी काय बोलत नाय मॅडम," संदेश म्हणाला, आणि मग बोलतच राहिला. जुना माल काळं पॉलिश मारून नवा म्हणून कसा खपवतात, त्यावर कुणाकुणाची दुकानं उभी आहेत, आपण मात्र कसे देवाला भिऊन राहतो. संदेशही टायर विकायचा, त्यामुळे शिवाबद्दल त्याच्या तोंडून गोड शब्द निघणं कठीणच होतं. पण ते आकडे काही संदेशने कोरले नव्हते.

गुणाजी रुचिराचे वडील. उभा जन्म होडीवर तांडेल म्हणून, खलाशांचा म्होरक्या म्हणून काढलेला माणूस. भाट्यातल्या घरून पूल ओलांडून मिरकरवाडा बंदरावर जायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा स्कूटरचा रस्ता. राजिवड्याच्या उतारावर मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं खवलेवालं पाणी सांडत असतं. तिथे चाक सरकलं आणि गुणाजी खुब्यावर आपटले. शिमग्यापर्यंत काठी घेऊन चालतील, पण होडीवर पाय ठेवायचं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला तो दिवसभर वळला नव्हता.

तो उतार डोळ्यांसमोर ठेवूनच तर रुचिराने टायर निवडलं होतं. शिवा तिच्या वर्गातला, त्याचा बाप गुणाजींच्याच होडीवर खलाशी. साळवी स्टॉपला त्याने स्वतःच्या हिमतीवर दुकान टाकलेलं. त्या दिवशी रुचिरा, गुणाजी आणि तिचा धाकटा भाऊ भावेश असे तिघं तिथे जमले होते. भावेश चिरेखाणीवरून तसाच आलेला, गुडघ्यापर्यंत लाल.

"जाडं टाक रे," भावेश म्हणाला होता. "मागून गाडी कशी भारी दिसते."

"दिसते भारी, आणि मडगार्डला घासली की शिव्या मला," शिवा हसला. "रिमला जेवढं मापाचं, तेवढंच. काका, मऊ रबराचं घ्या. लवकर झिजतं, पण ओल्यात पकडतं. कडक रबर जास्त वर्षं जाईल, पण तुमच्या बंदराच्या रस्त्यावर मी त्याचा भरवसा देणार नाही."

"टिकायला नको," गुणाजी म्हणाले. "धरायला हवा."

मग रुचिराने चार टायरं खाली काढायला लावून त्यातलं सगळ्यात ताजं निवडलं. शिवाने चाक सोडवलं. रिम हिरवीगार होती. खारं वारं लोखंड खातं, म्हणून होडी रंगवून उरलेला रंग गुणाजी घरातल्या प्रत्येक लोखंडाला फासत, आणि गेली काही वर्षं होडी हिरवी होती. "काका, देवघरातली घंटा तरी सोडलीत ना?" असं म्हणत शिवाने हवा भरायची जुनी वॉल ब्लेडने कापून फेकली, नवी साबणाच्या पाण्यात बुडवून रिममध्ये खेचून बसवली. तेवढ्यात रुचिराला कामाचा फोन आला. ती रस्त्यापलीकडे गेली, परत आली तेव्हा स्कूटर तयार होती.

म्हणजे तेवढ्यात त्याने डाव साधला. नवं दाखवलं आणि जुनं चढवलं.

हॉस्पिटलात परतल्यावर व्हरांड्यातच, गुणाजींच्या खोलीच्या उघड्या दारासमोर, तिने हे सगळ्यांदेखत सांगितलं. भावेशसाठी गुहागरची मुलगी बघून झाली होती, तिची माणसंही गुणाजींना भेटायला आली होती. त्यांनी हळहळून माना हलवल्या. भावेश म्हणाला, "मी फोडतो त्याला." आई, आवडाबाई, पदर तोंडाला लावून गप्प राहिली.

दुपारी रुचिराने पोलीस ठाण्यात शिवाविरुद्ध तक्रार दिली. खाली ठसठशीत सही केली.

२

दुसऱ्या दिवशी शिवाचं दुकान बंद होतं. शटरवर कुणीतरी चुन्याने 'टायरचोर' असं लिहिलं होतं. जागेच्या मालकाने त्याला दुकान रिकामं करायला सांगितल्याचीही बातमी होती. रुचिरा स्कूटर थांबवून बघत राहिली. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. शाळेत डब्यातली सुकी कोलंबी तिला देऊन स्वतः नुसती भाकरी खाणारा हाच तो शिवा. परक्याने फसवलं तर माणूस चिडतो. आपल्या माणसाने फसवलं की आधी लाज वाटते, आपण इतके कसे आंधळे होतो याची.

पोलिसांनी फोटो मागितले होते. ऑफिसात बसून तिने गॅरेजात काढलेले फोटो उघडले. सवयीने तिने चाकाचे चारी बाजूंनी काढले होते. एकेक मोठा करत ती पुढे सरकत होती. आकडे. झिजलेली नक्षी. नक्षीच्या खाचांत रुतून बसलेली लाल खडी. मग वॉल.

ती थांबली.

वॉल जुनी होती. रबर सुकून पांढुरकं पडलेलं, बुडाशी तडकलेलं. आठ-पंधरा दिवसांत कुठली वॉल अशी होत नाही.

रुचिरा उठून खिडकीशी गेली, परत येऊन बसली. शिवाला जुनी वॉल कापताना तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन तुकडे होऊन ती डब्यात पडली होती. नवी बसलेलीही पाहिली होती. फोन आला तो त्यानंतर. तिच्या पाठीमागे शिवाने जुनं टायर चढवलं, असं घटकाभर धरून चालू. पण त्यासाठी नुकती बसवलेली नवी वॉल उपटून, कुठूनतरी एक तडकलेली शोधून, ती कोण बसवेल? त्यात कुणाचा काय फायदा? आणि त्या खाचा. पॉलिश मारून नवं म्हणून विकलेल्या टायरात लाल खडी कशी राहील? पॉलिश मारणारा आधी टायर धुतो. शिवाय भाट्ये ते बंदर हा सगळा डांबरी रस्ता, त्यावर लाल खडी मिळणार कुठून?

लबाड दुकानदार टायर बदलतो. इथे अख्खं चाकच बदललं होतं. आणि हे चाक शिवाच्या दुकानात कधी गेलंच नव्हतं.

तिने चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि तीही स्वतःच्या सहीने.

३

"मी बदललं चाक?" संदेश उसळला. "तांडेलांची गाडी पडून माझ्याकडे आली, तशी ती उभी आहे. शिवाशी माझं वाकडं आहे, लपवत नाही. पण मॅडम, मला बदलायचं जरी असतं, तरी हिरव्या रिमचं चाक आणू कुठून?"

"काल-परवा रंगवलं असशील."

"मग खरवडून बघा की!"

रुचिराने खरंच खरवडलं. किल्लीच्या टोकाने हिरव्या रंगाची खपली उडाली, तर खाली आणखी एक हिरवा थर. त्याच्याखाली निळा. होडी पूर्वी निळी होती, हे तिला चांगलं आठवत होतं. हे थर एका रात्रीत कुणी चढवले नव्हते. संदेश सुटला, पण कोडं आणखी घट्ट झालं. चाक शिवाच्या दुकानातलं नव्हतं, आणि तरीही त्यावर वर्षानुवर्षं तिच्या बापाचाच ब्रश फिरलेला होता.

उरले अझीमचाचा. अपघाताच्या एक-दोन दिवस आधी त्यांनी गुणाजींची स्कूटर कर्ल्याला नेली होती. राजिवड्यातल्या त्यांच्या घरी ती गेली तेव्हा ते ओसरीत जाळं शिवत बसले होते. गुणाजी आणि ते एकाच होडीचे भागीदार, भावासारखे. रुचिराने अडखळत विचारलं, "चाचा, गाडी तुमच्याकडे असताना कुणी चाकाला हात लावला का?"

त्यांनी सुई खाली ठेवली. रागावले नाहीत, पण चेहरा उतरला.

"म्हणजे आता माझी पाळी काय गो?"

"चाचा, मला सगळ्यांना विचारावंच लागतंय."

"विचार. मी गेलो, आलो, गाडी दारात लावली. माझी मोटारसायकल, तिचा चाक तुझ्या बापाच्या गाडीला लागणार नाय." मग ते जरा घुटमळले. "पण एक सांगू? ती गाडी मागनं सरकत व्हती. पुलाच्या वळणावर मी हबकलो. परत देताना गुणाजीला बोललो, अरे तुझा टायर नवा ना? मग असा काय?"

"बाबा काय म्हणाले?"

"हसला. म्हणाला, रविवारपर्यंत सांभाळून चालवीन. नि चहा आणायला आत गेला."

रविवारपर्यंत. रुचिरा त्या शब्दाशी अडली. रविवारी काय होणार होतं?

"चाचा, होडीचा रंग बाबा कशाकशाला लावतात?"

"काय सोडलान आहे त्याने? फाटक, विहिरीचा पंप, खिडक्यांचे गज, दोन्ही स्कूटरींची चाकं..."

अझीमचाचा पुढेही काहीतरी सांगत होते. रुचिराला ऐकू आलं ते एवढंच, दोन्ही स्कूटरी.

४

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. गुणाजी आणि भावेश यांच्या स्कूटरी एकाच मॉडेलच्या होत्या, सतरा सालच्या दसऱ्याला जोडीने घेतलेल्या. रंग वेगळे, चाकं सारखी. एकीचं काढून दुसरीला लावलं तर कुणाला कळणारही नाही. हिरवं गेलं, हिरवं आलं.

अपघातापासून भावेशची स्कूटर तिला घरी दिसलेली नव्हती. हॉस्पिटलात तो एका मित्राच्या मागे बसून येई. विचारलं तर म्हणे, खाणीवरच ठेवतो, पेट्रोल वाचतं. तेव्हा तिला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

पावसच्या रस्त्याने चिरेखाणीवर पोचेपर्यंत ती मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत होती. तसं नसू दे. एरवी ती दुनियेला खोटं पाडायची, पण आज आपला अंदाज खोटा निघावा म्हणून ती देवाला विनवत होती. वाटेवरची लाल खडी टायरखाली कुरकुरत होती.

खाणीच्या शेडमागे, माडाच्या झापांखाली स्कूटर झाकलेली सापडली. कामगारांची बाकी दुचाकी वाहनं उन्हात उघडी उभी होती. ही एकच झाकलेली. रुचिराने झापं बाजूला केली आणि मागे बसली. रिम हिरवी. वॉल काळी, तकतकीत, कोवळी. टायरवरचे रबराचे केस अजून कडेला तसेच. साल पंचवीस.

"ताई."

मागे भावेश उभा होता. हातात पाण्याची बाटली, चेहरा तिने पाहिलेल्या कुठल्याही थापाड्या मालकासारखा.

"कधी बदललंस?" तिने विचारलं.

त्याने बाटली खाली ठेवली.

"भावेश, तू माझ्या देखत म्हणालास, शिवाला फोडतो. त्याच्या शटरवर चुना फासणाऱ्यांत तू होतास का?"

"फासला नाही मी. उभा होतो फक्त." त्याचे डोळे भरून आले. "गुहागरला मुलगी बघायला जायचं होतं. माझं मागचं टायर खाणीच्या रस्त्याने पार गुळगुळीत झालं होतं. जयगडहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की तवसाळचा तो चढ, ती वळणं. एवढ्या एका दिवसापुरतं बाबांचं चाक लावलं. परत बदलायचंच होतं ताई, देवाशपथ. इकडे खाणीवर रोज डबल पाळी लागली. म्हटलं, रविवारी करू. बाबा काय, पुलापलीकडे जाऊन येणार."

"आणि त्यांना न सांगता त्यांना तुझ्या गुळगुळीत चाकावर बसवलंस?"

भावेशने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आता नुसती भीती नव्हती, आणखी काहीतरी होतं. रुचिराला त्याची कीव येत होती, तशी त्यालाही तिची कीव येत असावी.

"न सांगता नाही," तो म्हणाला. "ताई, तू घरी जा. मला नको विचारूस."

५

गुणाजींना आदल्याच दिवशी घरी आणलं होतं. पडवीच्या आतल्या खोलीत कॉटवर ते उशांना टेकून होते, आणि आवडाबाई त्यांना चमच्याने पेज भरवत होती. खिडकीच्या हिरव्या गजांतून खाडीचं पाणी दिसत होतं. रुचिरा दारात उभी राहिली. चपला काढायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

"भावेश बोलला?" आईने चमचा न थांबवता विचारलं. त्याचा फोन आधीच येऊन गेला होता.

"तुम्हाला माहीत होतं."

"चाक बदल असा मीच सांगितला त्याला." आवडाबाईच्या आवाजात खंत नव्हती, थकवा होता. "एवढा घाटाचा रस्ता, मागे मी बसलेली. पोराच्या जिवाला काय झाला असता तर? ह्यांना काय, बंदर नि घर."

रुचिरा वडिलांकडे वळली. हा माणूस आयुष्यात खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. वादळात दुसऱ्याची होडी ओढून आणल्यावर तिच्यातल्या मासळीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं, अशी त्यांची ख्याती होती.

"बाबा, तुम्हाला?"

गुणाजींनी पेज गिळली. मग हळूच म्हणाले, "नट मीच सैल केला गो. भावेशाच्याने हलत नव्हता."

रुचिराला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात चुकून शिरलोय.

"मग मी शिवाचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"कसा बोलू?" आईच म्हणाली. "गुहागरची माणसं समोर बसलेली. सोयरीक ठरत आलेली. बापाला झिजल्या चाकावर बसवलान, नि आपण नवा टायर लावून मुलगी बघायला आला, असा कळला असता तर त्यांनी मुलगी दिली असती? तूच आलीस नि तूच बोललीस, शिवाने फसवलान म्हणून. आम्ही कोणाचा नाव घेतला नाय."

"मी पोलिसांत गेले. सही केली."

"तुला थांबवायचा म्हणजे सगळा सांगायला लागला असता."

"त्याच्या शटरवर चोर लिहिलंय आई! त्याचं दुकान जातंय. त्याचा बाप आपल्या होडीवर राबला."

"तरणा हाय तो, दुसरीकडे दुकान घालील. भावेशाची सोयरीक एकदा मोडली की मोडली." आवडाबाईने वाटी खाली ठेवली, आणि आता तिचाही आवाज फुटला. "आपलेच दात नि आपलेच ओठ गो बाय. कोणाला तोडू मी?"

रुचिराला ते कळत होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबत होतं. चाक बदललं ते एक वेळ ती विसरली असती. कुठल्या घरात असं होत नाही? धाकट्याला चांगलं द्यायचं, म्हाताऱ्याने निभावून न्यायचं. पण घरातल्या तिघांना खरं ठाऊक होतं, आणि चौथीला त्यांनी चव्हाट्यावर ओरडू दिलं. तिच्या शब्दाला गावात वजन होतं. रुचिरा म्हणतेय म्हणजे खरंच असणार, असं लोक म्हणत. ते वजन तिने कमावलेलं होतं, आणि तिच्याच माणसांनी ते तिला न विचारता उचलून शिवाच्या छातीवर ठेवलं होतं.

"बाबा, तुम्ही तरी मला एकटीला सांगायचं. कानात सांगायचं."

गुणाजींनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "सांगणार होतो. पण तू काय विचारलंसच नाय, रुचे. आलीस ती ठरवूनच."

ती वळली.

"कुठे चाललीस?" आईने विचारलं. तिला ठाऊक होतंच. "पोलिसांत जाऊन भावाचा नाव घेतलास तर या घराला मुलगी नाय, एवढा ध्यानात ठेव."

"आज तरी कुठे होती, आई?" रुचिरा म्हणाली, आणि अंगणात उतरली.

६

पोलीस ठाण्यातलं काम वाटलं त्यापेक्षा लवकर झालं. तक्रार मागे घेते, ती माझ्या चुकीने झाली, चाक दुकानात नव्हे तर आमच्या घरात बदललं गेलं. चाक कुणी बदललं, असं अंमलदाराने विचारलं. तिने भावाचं नाव सांगितलं. मग आईचं. मग जरा थांबून वडिलांचं. अंमलदाराने पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. "तुमचेच का सगळे?" तो म्हणाला. ती हो म्हणाली. याच्यात गुन्हा काही बसत नाही बाई, घरगुती आहे, असं सांगून त्याने तिला मोकळं केलं. तिथून बाहेर पडून तिने संदेशला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. संदेशला सांगितलं की संध्याकाळपर्यंत रत्नागिरीभर होतं. गुहागरपर्यंत पोचायलाही मग फार वेळ लागणार नव्हता.

साळवी स्टॉपला शिवाच्या दुकानासमोर टेम्पो लागला होता. शिवा एकटाच टायरं आतून आणून टेम्पोत रचत होता. दाढी वाढलेली, शर्ट घामाने भिजलेला. तिला पाहून तो थांबला नाही. रुचिराने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वॉल, लाल खडी, रिमच्या रंगाचे थर, खाणीवर झापांखाली झाकलेली स्कूटर, गुहागरची मुलगी. एकही गोष्ट सोडली नाही, आईचं शेवटचं वाक्यसुद्धा नाही. बोलताना तिला वाटत होतं, कुठेतरी मध्येच तो टायर खाली ठेवील, शिव्या देईल, निदान हुश्श करील.

ती बोलून संपली तेव्हा त्याने हातातलं टायर टेम्पोला टेकवून ठेवलं.

"वॉलवरून ओळखलंस," तो म्हणाला. "हुशार आहेस. पहिल्यापासूनच."

"तक्रार मागे घेतली मी. जागेच्या मालकाशी मी बोलते. शटरवरचं मी स्वतः पुसते, आत्ता, सगळ्यांदेखत. हे परत आत घे शिवा."

"घेतो. जाऊ कशाला? चोरी केली नाही मी." तो खरंच टेम्पोतलं एक टायर उतरवू लागला. मग पाठमोराच म्हणाला, "पोलिसांनी मला विचारलं, टायर बदललंस का. मालकाने विचारलं. माझ्या बायकोने विचारलं, रडत रडत, पण विचारलं. ज्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं त्यांनीसुद्धा शटर ठोठावून विचारलं. तू आख्खी रत्नागिरी विचारत फिरतेस, रुचिरा. परक्याच्या मोडक्या रिक्षेसाठी दहा जणांना दहा प्रश्न विचारतेस. मला एक नाही विचारलास."

रुचिराने तोंड उघडलं. फोन करणार होते, वेळ नव्हता, डोकं ठिकाणावर नव्हतं, अशी दोन-तीन उत्तरं जिभेवर आली. सगळी तिने रोज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेली होती, आणि त्यांची किंमत तिला माहीत होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हं." शिवाने टायर आत नेऊन ठेवलं आणि दुसरं घ्यायला बाहेर आला. तिची स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी होती. त्याची नजर सवयीने तिच्या चाकांवर गेली, क्षणभर थांबली. पुढचं टायर उतरणीला लागलं होतं. हे तिलाही ठाऊक होतं, पुढच्या महिन्यात त्याच्याकडेच यायचं तिने ठरवलं होतं.

"काकांना सांग, बरे झाले की नवं चाक मी घरी येऊन बसवून देईन. त्यांच्याशी माझं भांडण नाही, म्हातारा माणूस आहे," तो म्हणाला. "पण तुझं टायर तू आता दुसरीकडे बघ."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रुचिराने ओढणी कमरेला खोचली, पलीकडच्या चहावाल्याकडून पाण्याची बादली मागून आणली, आणि शटरवरचा चुना घासायला लागली. शिवा तिच्या बाजूने आत-बाहेर करत राहिला.